उलट्या पिळाचा दोर

सरांनी छत्रीच्या टोकानं माझ्या बापाचा हात वर केला.

हातानं नाही. छत्रीच्या टोकानं. बाप उकिडवा बसला होता, पुढ्यात दोर वळायचा घायपाताचा वाख पसरलेला. सर म्हणाले, "हात दाखव रे तुझा." बापानं हात पुढं केला, पण तळवा खाली होता. मग सरांनी काळ्या छत्रीचं लोखंडी टोक मनगटाखाली घातलं आणि हात उलथला. तव्यावरची भाकरी उलथतात तसा.

"हे घट्टे बघा. पुस्तकात हे दिसणार नाही तुम्हाला. लिहून घ्या."

पंचवीस पोरापोरींनी लिहून घेतलं. मीसुद्धा लिहून घेतलं. "तळहाताला घट्टे. उजव्या अंगठ्याला खोल चीर." निळ्या शाईत, वळणदार. माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. त्या अंगठ्याच्या चिरेत मेण आणि तेल गरम करून मी भरत आले होते, पाच वर्षांची होते तेव्हापासून. चीर किती खोल आहे ते मला माहीत होतं. आणि मी काय लिहिलं? "खोल चीर." पुढं पूर्णविराम.

त्या पंचवीस जणांत एकालाही ठाऊक नव्हतं की हा माणूस माझा बाप आहे. मी सांगितलं नाही. सर छत्रीनं हात उलथत होते तेव्हाही नाही.

लोक मला विचारतात, तुमचा अपमान कुणी केला ते सांगा. सांगते की. सरांचं सांगते. पण सर दुसरे. पहिली मी. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी दया करायला नको.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी सोलापुरात कॉलेजात होते, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. विषय समाजशास्त्र. राहायला मामाकडं. मामा गिरणीत कामाला होता. भोंगा झाला की सायकलवर टांग टाकायचा आणि जाता जाता रोज एकच वाक्य बोलायचा, "नाव सांग, गाव सांग, जात सांगू नगंस." मला सहाव्या वर्षी त्यानं सोलापुरात आणून शाळेत घातलं तेव्हा मास्तरांशी बोलून असं एक आडनाव लिहून घेतलं होतं की ऐकणाऱ्याला काही म्हणून कळू नये. फीमाफीच्या फॉर्मवर तेवढी जात होती. ऑफिसातला क्लार्क भला माणूस. फॉर्म घ्यायचा, वर बघायचा, आणि काही न बोलता खाली ठेवायचा.

त्यामुळं मी वर्गात पुढच्या बाकावर बसायची. शैलाच्या शेजारी. शैलाचे वडील वकील. ती माझ्या डब्यातली शेंगाचटणी खायची, मी तिच्या डब्यातला साखरांबा. मला वाटायचं, झालं, सुटले मी. बोलायलासुद्धा पुस्तकातलं बोलायची. तोंडातून चुकून "आहे"च्या जागी "हाय" निघालं तर दिवसभर जीभ चावत बसायची. लई जपून राहायची मी. चोरासारखी.

समाजशास्त्राचे सर खादी घालायचे. उन्हाळा असो, हिवाळा असो, हातात छत्री. माणूस वाईट नव्हता. हेच तर अवघड आहे सांगायला. वाईट असता तर शिवी देऊन मोकळी झाले असते. सर म्हणायचे, "पुस्तकं मिटा. अनुभवासारखा गुरू नाही. गावात जा, माणसांत बसा, त्यांचं काम हातानं करून बघा." इतर कॉलेजांत तेव्हा नोट्स उतरवून घ्यायचे आणि ओकायचे. आमचे सर पोरांना बाहेर काढणारे. आम्हाला अभिमान वाटायचा. मलासुद्धा वाटायचा, खरं सांगते.

त्या वर्षी सरांनी फील्डवर्क ठेवलं. एका गावात दिवसभर जायचं, बलुतेदारांचं काम बघायचं, थोडं स्वतः करायचं, आणि मग कॉलेजात त्याचं प्रदर्शन मांडायचं. त्याला पंचवीस गुण. जो येणार नाही त्याला परीक्षेला बसू देणार नाही. आदल्या दिवशी बोर्डावर गावाचं नाव लागलं.

माझं गाव.

अक्कलकोटच्या वाटेवर, सडकेपासून आत सहा-सात मैल. नाव वाचलं आणि तशीच घरी आले. ताप आणावा म्हणून काखेत कांदा धरून बसले. ताप काही आला नाही, नुसता वास आला. पंचवीस गुण डोळ्यांपुढं नाचत होते. मामाला सांगितलं. मामानं सायकल भिंतीला लावली. मग म्हणाला, "गावातले लोक तुला काय वळकत न्हायत. आपल्या वाड्यातले वळकत्याल. त्येंच्याकडं बघू नगंस, मंजी झालं." मी मान हलवली. घरी निरोप धाडायची बुद्धी झाली नाही मला. धाडला असता तर काय धाडला असता? की मी येतेय, मला ओळखू नका?

एसटीची गाडी ठरवली होती. गावात पोचलो. पाटलाच्या सोप्यात चहा-पोहे झाले. मग सुतार झाला, लोहार झाला, कुंभार झाला. कुंभाराच्या चाकावर पोरींनी मडकी करायचा प्रयत्न केला, चिखल उडवला, हसणं-खिदळणं झालं. प्रत्येक ठिकाणी सर बसले. सुतारानं पाट दिला, पाटावर बसले. कुंभारणीनं पाणी दिलं, प्याले. मी प्रत्येक ठिकाणी मनात म्हणायची, दुपार होऊ दे, ऊन वाढू दे, सर कंटाळू देत.

सर कंटाळले नाहीत. "आता मांगवाडा," म्हणाले. वर्गात ते "मातंग समाज" म्हणायचे. गावात आल्यावर मांगवाडा झाला.

आमचा वाडा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ. घायपाताची पानं ओढ्यातल्या डबक्यात दोन-तीन आठवडे कुजत घालावी लागतात. मग ती ठेचायची, धुवायची, वाळवायची, तेव्हा कुठं पांढरा वाख निघतो. कुजल्याचा वास येतो. येणारच. पोरींनी पदर नाकाला लावले. मीही लावला. त्या वासात मी रांगायला शिकले होते, आणि मी नाकाला पदर लावला. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं करायला.

वळचणीला माझी चुलतबहीण खेळत होती, चार वर्षांची. मला बघितलं आणि धावत सुटली. "अक्का! अक्का आली!" मी मान फिरवली. तिनं माझ्या साडीला हात घालायच्या आत माझ्या आईनं तिला उचललं आणि तोंडावर हात ठेवला. "सुम्निर," म्हणाली. आई कानडी मुलखातली. गप्प बस म्हणायचं झालं की तिच्या तोंडून तेच निघायचं. पोरगी हातपाय झाडत राहिली.

आईनं माझ्याकडं एकदाच बघितलं. माझी वेणी, माझी चप्पल, हातातली वही. बाजूला शैला. मागं सर. सगळं तिला कळलं. बापालाही कळलं. कसं कळलं, कुणी सांगितलं, मला विचारू नका. गरिबाला या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. दारात बसलेली शेजारची म्हातारी बोलायला तोंड उघडत होती, बापानं नुसती मान हलवली, म्हातारीनं तोंड मिटलं. बघता बघता अख्खा वाडा गप्प. तीसेक माणसं. माझं खोटं त्या तीस माणसांनी वाटून घेतलं.

आई आत गेली. तांब्या राखेनं घासून, पाणी भरून घेऊन आली. सरांपुढं धरला. सर म्हणाले, "नको नको, आत्ताच प्यालो आम्ही." मग तिनं तो पोरींपुढं धरला. शैला म्हणाली, "नको." दुसरी म्हणाली, "नको." तांब्या माझ्यापुढं आला. मला तहान लागली होती.

मी म्हणाले, "नको मावशी."

आईला मावशी म्हणाले मी.

 ती तांब्या घेऊन वळली आणि पाणी कडुनिंबाच्या बुडाला ओतलं. सावकाश ओतलं. अजून मला ते पाणी मुरताना दिसतं.

मग ते छत्रीचं झालं. ते मी आधीच सांगितलं. परत सांगायची ताकद नाही.

त्यानंतर सर म्हणाले, "आता करून बघायचं. शिकवशील का रे यांना?" बाप म्हणाला, "व्हय की. शिकीवतो." उठला आणि त्यानं फिरकीवर वाखाचे तीन-तीन पदर वळून तयार केले. चार-चार हात लांब. बोलताना त्याचा आवाज वेगळाच झाला. काम सांगताना बापाचा आवाज नेहमी असाच व्हायचा, मास्तरासारखा.

"ह्ये बगा. एकेक पदराला उजवा पीळ दिलाय. आता तिनी मिळून डावा द्यायचा. मंजी त्यो ह्येला सुटू देत न्हाय, आन् ह्यो त्येला सुटू देत न्हाय. दोगं एकमेकाला धरून ऱ्हात्यात. तिनी मिळूनबी उजवाच दिला तर दोर दिसंल झ्याक, पर गाठ सुटली की गेला."

एवढं सोपं आहे ते. आणि तेवढंच अवघड आहे. एकट्यानं होत नाही. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ देत देत पुढं यायचं. टोक धरणाऱ्याला पीळ हातात कळतो. आमच्याकडं टोक आई धरायची. तिला डोळे मिटून कळायचं कुठं सैल पडलं. बाप नवा दोर झाला की कडुनिंबाच्या फांदीला बांधून आधी स्वतः लोंबकळायचा. आम्ही पोरं हसायचो. ज्या दोरानं त्याचं वजन पेललं नाही, तो त्यानं कधी कुणाच्या बैलाला दिला नाही.

पोरं एकेक करून बसली. टोक आईनं धरलं. पोरांची बोटं ठेचकाळली, पदर गुंतले, हशा झाला. शैलानं तर वाखाचं घरटंच केलं. सर म्हणाले, "दिसतं तितकं सोपं नाही बरं!" मग म्हणाले, "चला, पुढची कोण? तू ये."

तू म्हणजे मी.

बापानं वर बघितलं नाही. पदर माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "बसा बाई. साडी सांबाळा, वाख चिकटंल."

बसा बाई. मला. दर उन्हाळ्यात ज्याच्यासमोर बसून मी कासरे वळत होते तो माणूस मला म्हणाला, बसा बाई.

मी पदर हातात घेतले. हातांना काय माहीत कॉलेज? हात आपसूक डावीकडं फिरले. एक वेढा, दोन वेढे, तीन. घट्ट, सारखे, एका मापाचे. सर पुढं वाकले. "अरे! हिला तर छानच जमतंय. कुठं शिकलीस गं?"

झालं.  पंचवीस जण माझ्या बोटांकडं बघत होते. मी हसले. कसं हसले देव जाणे. "छे हो सर, अशीच फिरवते," म्हणाले. तीन वेढे उलगडले. आणि उजवीकडं पीळ द्यायला लागले.

उलटा. मुद्दाम. जाणूनबुजून.

पहिल्याच वेढ्याला समोर आईच्या हातातलं टोक हललं. तिला कळलं. हातात कळतं, सांगितलं ना. तिनं टोक सोडलं नाही. मी पीळ देत देत पुढं सरकत होते, तिच्या जवळ जवळ जात होते. वळायचं राहिलेलं आखूड होत गेलं. शेवटी आमच्या दोघींत वीतभर अंतर राहिलं. तिच्या हाताला भाकरीचा वास येत होता. मी मान वर केली नाही. दोन्ही टोकांना करकचून गाठी मारल्या, आणि दोर अगदी दोरासारखा दिसायला लागला.

बापानं तो हातात घेतला. बोट फिरवलं. सरांकडं बघून म्हणाला, "बाईस्नी काय जमलं न्हाय. नवीन हायती. ऱ्हाऊ द्या."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो लाजला होता. मी त्याच्यापायी लाजत होते, आणि तो माझ्यापायी लाजत होता. चार हातांच्या अंतरात बसून बाप-लेक दोघंही लाजत होतो, आणि मधे सर उभे राहून "वेळ झाली, आवरा" म्हणत होते.

निघताना बापानं आत जाऊन एक चांगला नवा दोर आणला, तीनपदरी, मऊसूत. "न्या, तुमच्या कालिजात दावायला." सरांनी ड्रायव्हरला खूण केली. पाटलानं सरांना ज्वारीचं एक पोतं दिलं होतं. ते गाडीच्या टपावर त्या दोरानं बांधलं. पोतं सरांच्या घरी उतरलं, दोरही उतरला. पुढं मी सरांच्या अंगणात बघितलं, त्यावर धोतर वाळत होतं. आणि प्रदर्शनाच्या पिशवीत गेला तो माझा दोर.

घरी आल्यावर मामानं विचारलं, "कुनाला कळलं?" मी म्हणाले, "न्हाय." मामा म्हणाला, "बेस झालं." आणि मला पहिल्यांदा मामाचा राग आला. मग वाटलं, त्याचा राग करायचा मला काय अधिकार? त्यानं नाव झाकायला शिकवलं. दोर उलटा वळायला नव्हतं शिकवलं. ते माझं मीच शोधून काढलं.

बाप दर बाजाराला सोलापुरात दोर घेऊन यायचा आणि मामाकडं भाकरी खायला थांबायचा. त्या बाजाराला आला नाही. पुढच्याही नाही. मामीनं गल्लीतल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, आला होता की, दोर विकून परस्पर गेला. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणाला सांगणार का जेवत नाही ते.

महिन्याभरानं प्रदर्शन लागलं. कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये. टेबलांवर पांढरे कपडे. सुताराचा रंधा, कुंभाराचं मडकं, लोहाराचा विळा. प्रत्येकापुढं पुठ्ठ्याची पाटी. शेवटच्या टेबलावर माझा दोर वेटोळं करून ठेवलेला. पाटीवर शैलाच्या अक्षरात लिहिलं होतं:

"मांग समाजाचा पारंपरिक दोर. काम कच्चे. सुधारणेस वाव."

मी ती पाटी तीनदा वाचली.  शैलाला म्हणाले, "हे कुणी सांगितलं लिहायला?" ती म्हणाली, "सरांनी. का गं? खरंच तर आहे, बघ ना किती ढिला आहे." ती खोटं बोलत नव्हती. दोर ढिलाच होता.

पुण्याहून एक मोठे पाहुणे आले होते. सर त्यांना एकेक टेबल दाखवत आले. छत्री दंडाला अडकवलेली. दोरापाशी थांबले. "हा तिथल्या मांगांचा दोर. पिढ्यान् पिढ्या हेच काम, पण शास्त्र नाही. ओढून बघा." पाहुण्यांनी टोकाची गाठ चाळवली आणि ओढलं. गाठ निसटली. दोर त्यांच्या हातात गरगर फिरला आणि तिन्ही पदर तीन दिशेला झाले.

सर हसले. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर न जळताच गेला!"

हॉल हसला. शैला हसली. पाहुणे हसले.

मला कडुनिंबाला लोंबकळणारा बाप दिसला. दोर आधी स्वतःच्या अंगावर घेऊन बघणारा. आणि इथं लोक त्याच्या नावावर हसत होते, माझ्या खोटेपणाला. तोपर्यंत मला वाटत होतं, मी फक्त बापाला लपवलं. लपवलं नव्हतं. चव्हाट्यावर आणून ठेवलं होतं, खाली पाटी लावून.

मी पुढं गेले. पाहुण्यांच्या हातातून पदर काढून घेतले.  म्हणाले, "ह्यो दोर माज्या बापाचा न्हाय. ह्यो म्या केलाय. मुद्दाम उलटा केलाय."

त्या हॉलमध्ये माझी बोली पहिल्यांदाच आली. कुणी बोलावली नव्हती, आपली आपण आली.

सर म्हणाले, "काय बोलतेस तू?"

"ज्येचा हात तुमी छत्रीनं वर केला हुता, त्यो माजा बाप हाय. मी मांगाची हाय."

 बाहेर रस्त्यावरून टांगा गेला, त्याच्या घुंगराचा आवाज आला. मी पदर सोडवले. नीट लावून घेतले. पीळ द्यायचा तर टोक धरायला माणूस हवा. मी टोक पुढं केलं. "सर, धरा."

सरांनी छत्री या दंडावरून त्या दंडावर घेतली. टोक धरलं नाही.

मी शैलाकडं टोक केलं. शैलानं अर्धं पाऊल टाकलं. मग आजूबाजूला बघितलं आणि तिथंच थांबली. मी तिला दोष देत नाही म्हणणार होते. खोटं. देते. पाहुणे खिशातून रुमाल काढून हात पुसत होते. पन्नास-साठ माणसं होती त्या हॉलमध्ये, शिकलेली, वाचलेली. चार हातांच्या वाखाचं टोक धरायला एकही नव्हतं.

मग मी ते टोक बाकाच्या पायाला बांधलं. आणि डावा पीळ दिला. सावकाश. कुणी हलत नव्हतं. झालं तेव्हा दोर पाहुण्यांपुढं धरला. "आता ओढा." त्यांनी ओढला नाही. मी पाटी उचलली, फाडली, आणि दोर पिशवीत घातला.

सर माझ्यामागं व्हरांड्यात आले. मला वाटलं, आता रागावणार. रागावले नाहीत. त्यांचा चेहरा फुलला होता, खरंच फुलला होता. म्हणाले, "अगं, आधी का नाही सांगितलंस? केवढी संधी गेली! आपण तुझ्याच घराचा अभ्यास केला असता. आतून! अजूनही वेळ गेलेली नाही. तू लिही. मांगाच्या मुलीचा प्रत्यक्ष अनुभव. कॉलेजच्या अंकात पहिल्या पानावर छापू."

एवढं झालं तरी या माणसाला मी अजून पंचवीस गुणांचं सामानच दिसत होते. फक्त आता जास्त चांगलं सामान. मी म्हणाले, "आतलं तुमी बगितलंय सर. छत्रीनं उलथून." आणि चालायला लागले. परीक्षेचं काय होईल, कोण जाणे. झालं ते झालं. गुण किती मिळाले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

रविवारी गावी गेले. वाटेतच मला वाटत होतं, बाप जवळ घेईल, आई रडेल, मी पाया पडेन, सगळं धुऊन निघेल. तसं काही झालं नाही. आईनं पाणी दिलं. मी घटाघटा प्याले. ती बघत राहिली. मी सगळं सांगितलं, उलट्या पिळाचंसुद्धा. बाप वाख विंचरत होता. मी दोर त्याच्यापुढं ठेवला. त्यानं बोट फिरवलं. मधे एका ठिकाणी थांबला.

"हितं सैल हाय. टोक कुनी धरलं हुतं?"

"कुनी न्हाय दादा. बाकाला बांदलं हुतं." बापाला मी दादा म्हणायची.

"बाकाला काय कळतंय," म्हणाला. त्यानं अख्खा दोर उलगडला. पदर सरळ केले. आणि एक टोक माझ्याकडं केलं.

"धरा बाई."

मी म्हणाले, "दादा, असं म्हनू नगंस मला."

तो म्हणाला, "जिभंला वळन पडलंय बाई. धरा."

मी धरलं. त्यानं पीळ दिला. माझ्या हातात प्रत्येक वेढा कळत होता. पुढं बाप बारा वर्षं जगला. माझ्याशी बोलायचा, हसायचा, माझ्या लेकराला खांद्यावर घ्यायचा. पण त्यानं मला परत "तू" कधी म्हटलं नाही. मी माफी मागितली की म्हणायचा, "कशाला उगं?" माफ केलंय असं मात्र म्हणाला नाही. मी तसा हट्टही धरला नाही. देणं-घेणं नव्हतं ते, की मागितलं आणि मिळालं.

पुढं मी तोच विषय शिकवला, एका तालुक्याच्या कॉलेजात, रिटायर होईपर्यंत. पोरांना वस्तीत न्यायची. दरवर्षी न्यायची. अनुभवासारखा गुरू नाही हे सरांचं वाक्य मी टाकून दिलेलं नाही. पण माझा नियम होता. दारात गेल्यावर वही पिशवीत. आधी स्वतःचं नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, बाप काय काम करतो ते सांगायचं, जात सांगायची. मी सगळ्यांत आधी सांगायची. दिलेलं पाणी प्यायचं. मग ज्याचं काम असेल त्याच्यासमोर खाली बसायचं, आणि तो जे टोक देईल ते धरायचं. ज्यानं धरलं नाही त्याला शून्य. एका वर्षी एका बड्या घरच्या पोराला शून्य दिलं. प्राचार्यांनी बोलावलं, समजावलं, दम दिला. शून्य शून्यच राहिलं.

आणि पहिलं शून्य मी माझ्या नावापुढं मांडलंय, निळ्या शाईत, चांगल्या अक्षरात. ते मी खोडणार नाही, आणि कुणाला खोडू देणार नाही.